अकरावा धोंडा

काच उतरवली, खिळे उपसले,
मागचा पुठ्ठा हात लागताच भुगा झाला.
टिल्लू मास्तरांची पुतणी समोर स्टुलावर,
पर्स मांडीवर घट्ट धरून,
जणू मी डॉक्टर आणि चित्राला ताप.

चित्र मामुली. म्हणजे मला तसं वाटलं.
खान नदी, पलीकडे छत्र्या,
अलीकडे धोबीघाट, चिंचेचं अर्धं झाड.
आकाश जवळपास नाहीच,
कागद तसाच सोडलेला, पिवळा पडलेला.
खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं: इंदूर, ४३.

"नदी फारच निळी केलीय," मी म्हटलं.
जन्मापासून मी तिला नाला म्हणतो,
नाक दाबून पूल ओलांडतो.

"तेव्हाही नव्हती निळी," त्या म्हणाल्या.
"महूच्या छावणीतून गाठोडी यायची,
गाडीभर वर्द्या, इस्पितळाच्या चादरी,
दुपारपर्यंत पाणी खाकी व्हायचं.
चादरींच्या दिवशी दुसऱ्याच रंगाचं.
तो रंग काकांनी मला कधी सांगितला नाही.
मी सात वर्षांची. पाण्याचा पेला धरायला नेत.

विलायती रंग बाजारातून गेलेले.
जहाजं बुडत होती,
एखाद्या जहाजात निळ्याची पेटीही असेल.
रॉकेलला रांग, साखरेला चिठ्ठी,
निळ्याला चिठ्ठीसुद्धा नाही.
काकांनी मग हीरालाल धोब्याकडून
दोन पैशांची नीळ घेतली,
डिंकात घोटली आणि नदी भरली.

हीरालाल पाठीशी उभा राहून बघायचा.
'असी नी हे नद्दी, मास्साब.'
काका म्हणाले, 'नसेल.
पण नीळ तुझीच आहे ना?'
तो हसला. मग हसायचा थांबला."

मी भिंग लावलं. खरंच,
छत्र्यांचा तांबडा गेला होता, चिंच करडी झाली होती,
आणि नदी मात्र
नुकत्याच वाळत टाकलेल्या सदऱ्यासारखी.

डाव्या कडेला धोंड्यांची रांग.
दहा धोंडे, प्रत्येकावर कोणीतरी वाकलेलं.
अकराव्याच्या जागी पांढरा डाग.
"इथं कसर लागलीय," मी म्हटलं,
"भरून देतो. कळणारही नाही."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.
"तो भेरूचा. हीरालालचा मुलगा.
पलटणीबरोबर बर्माकडे गेला,
बंदूक घेऊन नाही, इस्त्री घेऊन.
तिकडेही साहेबांना कॉलर ताठ लागते.
पहिल्या महिन्यात मनीऑर्डर आली. दुसऱ्यात आली.
नंतर पोस्टमन
घाटाच्या वरच्या रस्त्यानं जायला लागला.

कितीही गर्दी असो,
त्या धोंड्यावर कोणी कपडा आपटला नाही.
काका रोज शेवटी तिथं यायचे,
ब्रश भिजवायचे, कागदापाशी न्यायचे,
परत माझ्या पेल्यात बुडवायचे.
मला वाटायचं,
यांना धोंडा काढता येत नाही."

पुढं काय झालं, मी विचारलं नाही.
बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

माउंट मी आधीच कापला होता,
मापात, सुबक,
आणि त्याची डावी पट्टी नेमकी
त्या कोऱ्या जागेवर येत होती.
नवा ताव काढला.
दोन बोटं सरकून पुन्हा कापला.
आता एका बाजूला रुंद, एका बाजूला अरुंद;
कोणीही बघून म्हणेल,
कारागिराचा हात हलला.

म्हणू दे.
काच जुनीच बसवली, त्यांनी तसं सांगितलं होतं.
तिच्यात एक बुडबुडा आहे, कारखान्यातलाच.
तो बरोबर नदीवर येतो.